काळा कोट आणि सहा वर्षांचा हिशेब

(मंडळाच्या वर्धापनदिनाच्या समारंभात केलेले भाषण)



दरवर्षी या दिवशी आपण पाहुण्यांना बोलावतो. यंदा चिटणीसबाईंनी फर्मावले की, पाहुण्यांची भाषणे पुष्कळ झाली, आता घरचेच कोणीतरी बोलू दे. मी म्हटले, "मला काय बोलता येणार? मी चार घरचे कपडे शिवणारी बाई." त्यावर त्या म्हणाल्या, "तुमच्या मुलीने वकिली घेतल्यापासून गावातली निम्मी माणसे तुमच्या ओसरीवर चौकशीला येतात. एकेकीला तेच तेच सांगण्यापेक्षा सगळ्यांना एकदाच सांगा." त्यांचे म्हणणे मला पटले. म्हणून आजचा विषय हा की, मुलीला किंवा मुलाला कायद्याच्या शिक्षणाला घालण्यापूर्वी खर्च, शिष्यवृत्ती आणि पुढची कमाई यांचा विचार कसा करावा.

शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, असे आपल्याकडे म्हणतात. पण आपल्या गोसीखुर्दच्या आसपासच्या माणसांना शहाणे राहण्याची सोयच उरली नाही! २२ एप्रिल १९८८ रोजी पंतप्रधान राजीव गांधी यांच्या हस्ते धरणाचे भूमिपूजन झाले आणि वैनगंगेच्या काठच्या माणसांना भूसंपादन, निवाडा, वाढीव मोबदला, वारस नोंद हे शब्द पाठ झाले. कोणाचे शेत गेले, कोणाचे घर गेले, कोणाचे अख्खे गाव उठले. कागद कळत नव्हता म्हणून किती जणांनी किती हेलपाटे घातले, हे तुम्हाला मी सांगायला नको. त्यामुळे आपल्या लेकरांना वकील व्हावेसे वाटते, यात मला काही नवल वाटत नाही. ज्याच्या पायात काटा रुततो त्यालाच काटा काढण्याची विद्या हवीशी वाटते.

परंतु भगिनींनो, इच्छा चांगली असली म्हणून हिशेब चुकवून चालत नाही. आपण धानवाल्या बायका. पऱ्हे टाकण्याआधी बांधीत पाणी किती टिकेल, रोवणीला किती बाया लागतील आणि चुकारे हाती येईपर्यंत घर कशावर चालेल, याचा अंदाज आपण घेतोच ना? मग मुलीच्या शिक्षणातच डोळे मिटून उडी का घ्यावी? त्यातून आपल्यापैकी पुष्कळांच्या घरी जी काही शिल्लक आहे ती मोबदल्याची आहे. जमीन गेली तेव्हा ते पैसे आले. ते एकदा गेले की पुन्हा यायचे नाहीत, कारण द्यायला आता दुसरी जमीन नाही.

आमच्या घरचेच सांगते. मोबदल्यातून घर बांधून आणि देणी फेडून पाच लाख रुपये बँकेत राहिले होते. थोरली पदवीची परीक्षा देऊन घरी आली नि म्हणाली, "आई, मला वकील व्हायचे आहे." हे तर एकदम खूश झाले. सासूबाईंनी मात्र पदराने तोंड पुसले आणि विचारले, "कोट घालून पोट भरते काय व?" सगळे हसले, पण मला वाटते, त्या दिवशी घरात खरा प्रश्न त्यांनीच विचारला. त्या कधी शाळेत गेल्या नाहीत, पण सगळ्या चौकशीचे सार त्यांच्या त्या एका प्रश्नात होते.

मग मी एक शंभर पानी वही घेतली. नागपूरला जाऊन दोन महाविद्यालयांची माहितीपत्रके आणली. भंडाऱ्याच्या न्यायालयात चार वकिलीणबाईंना भेटले आणि त्यांना प्रश्न विचारले. त्यांनीही आपुलकीने उत्तरे दिली. पहिला धडा तिथेच मिळाला. मी विचारत होते, "तीन वर्षांची फी किती?" आणि त्या म्हणत होत्या, "ताई, फीचे सोडा, सनद घेतल्यावर तीन वर्षे काय खाणार ते सांगा!"

आता हा हिशेब तुमच्यापुढे मांडते. आकडे आमच्या घरचे आहेत. तुमचे वेगळे असतील, पण रीत हीच. तिला २०२२ साली नागपूरला तीन वर्षांच्या अभ्यासक्रमाला प्रवेश मिळाला. शिक्षणशुल्क वर्षाला अठरा हजार. त्यात पहिली दोन वर्षे अर्धी आणि तिसऱ्या वर्षी पूर्ण सवलत मिळाली. ग्रंथालय वगैरेचे वेगळे तीन हजार दरवर्षी भरावे लागले. म्हणजे तीन वर्षांचे मिळून सत्तावीस हजार. आणि राहणे-जेवणे? दोन मैत्रिणींबरोबर खोली, हातचा स्वयंपाक, जाणे-येणे, पुस्तके असे वर्षाला ऐंशी हजार. तीन वर्षांचे दोन लाख चाळीस हजार! पाहिलेत ना? ज्या फीची आपण धास्ती घेतो ती सगळ्या खर्चाचा जेमतेम दहावा हिस्सा होती. खरा खर्च चुलीचा आणि खोलीच्या भाड्याचा. दोन्ही मिळून झाले दोन लाख सदुसष्ट हजार.

बहुतेक घरी हिशेब इथेच थांबतो. आम्ही मात्र त्या वकिलीणबाईंचे ऐकून पुढच्या तीन वर्षांचे पानही उघडले. सनद मिळाल्यावर तिची कमाई शून्य धरली आणि भंडाऱ्यात राहण्याचा, कपड्यांचा, पुस्तकांचा खर्च महिन्याला सहा हजार धरला. छत्तीस महिन्यांचे झाले दोन लाख सोळा हजार. एकूण चार लाख त्र्याऐंशी हजार. बँकेतले पाच लाख जवळजवळ पुसून निघाले, आणि धाकटा तर अजून दहावीत!

त्या रात्री हे गप्प गप्प होते. शेवटी असे ठरले की, पाचातले अडीच लाख धाकट्याचे. त्यांना हात लावायचा नाही. उरलेले अडीच लाख थोरलीचे. कमी पडणारे दोन लाख तेहतीस हजार सहा वर्षांत, म्हणजे महिन्याला सव्वातीन हजार, घरातून काढायचे: थोडे दुधाचे, थोडे धानाचे, थोडे माझ्या शिवणयंत्राचे. हे जमेल का, असे सासूबाईंनी विचारले. मी म्हटले, जमेल, पण ओढाताण होईल. आणि ही ओढाताण होणार आहे हे मुलीलाही समोर बसवून सांगितले. तिच्यापासून काही लपवले नाही. माझे मत असे की, मुलांना घरचा हिशेब दाखवला म्हणजे ती घाबरत नाहीत, शहाणी होतात.

कोणी म्हणेल, विद्येचा असा दमडी-दमडीने हिशेब करणे बरे का? तर ज्यांच्या एवढा विद्येचा भुकेला दुसरा झाला नाही, त्यांचेच उदाहरण देते. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना १९१३ साली सयाजीराव गायकवाड महाराजांनी अमेरिकेत शिकण्यासाठी शिष्यवृत्ती दिली. दरमहा साडेअकरा पौंड, तीन वर्षांसाठी. तिच्यासोबत बडोदे संस्थानात दहा वर्षे नोकरी करण्याचा करारही होता. १९१६ साली ते लंडनला गेले आणि ग्रेज इनमध्ये बॅरिस्टरीसाठी नाव घातले. पण शिष्यवृत्तीची मुदत सरली आणि १९१७ साली अभ्यास अर्धा टाकून त्यांना परत यावे लागले. मग त्यांनी काय केले? १९१८ च्या नोव्हेंबरात मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात साडेचारशे रुपयांवर प्राध्यापकी धरली, पै-पै साठवली, कोल्हापूरच्या शाहू महाराजांची मदत व मित्र नवल भथेना यांचे कर्ज घेतले आणि १९२० साली ते पुन्हा लंडनला गेले. १९२२ साली ते बॅरिस्टर झाले. १९२३ साली मुंबईत वकिली सुरू करायची तेव्हा सनदेसाठीही भथेनाच मदतीला आले. आणि एवढी विद्या घेऊनही पहिली वर्षे पक्षकार रांग लावून उभे नव्हते. १९२५ पासून १९२८ पर्यंत त्यांनी बाटलीबॉय यांच्या हिशेबशास्त्राच्या संस्थेत व्यापारी कायदा शिकवून वकिलीच्या मिळकतीला जोड दिली. या सगळ्या काळात मुंबईतले घर रमाबाईंनी किती कष्टाने चालवले, हे आपण बायकांनी विसरता कामा नये.

हेच बाबासाहेब १९५४ साली आपल्या भंडारा मतदारसंघातून लोकसभेच्या पोटनिवडणुकीला उभे होते. त्यांचे नाव आपण आदराने घेतो. त्यांच्या या वर्षांतून एक गोष्टही शिकावी. शिष्यवृत्तीला मुदत असते, तिच्या अटी असतात, आणि सनद मिळाल्याबरोबर पैसा येत नाही. हे तिन्ही त्यांच्या वाट्याला आले. त्यांनी विद्या सोडली नाही आणि हिशेबही सोडला नाही.

आता शिष्यवृत्तीकडे वळते, कारण ओसरीवर सर्वांत जास्त प्रश्न त्याचेच येतात.

पहिली गोष्ट, मुलींसाठी मोठी सवलत २०२४ साली झाली आहे. त्या वर्षीच्या ८ जुलैच्या शासन निर्णयाप्रमाणे इतर मागास वर्ग, आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटक आणि सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास वर्ग यांतील, आठ लाखांपर्यंत वार्षिक उत्पन्न असलेल्या घरच्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमात शिक्षणशुल्क व परीक्षाशुल्क शंभर टक्के माफ झाले. आधी ते निम्मे मिळे. पण यात एक मेख आहे. प्रवेश शासनाच्या केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेतून झाला पाहिजे. व्यवस्थापनाच्या कोट्यातून किंवा एखाद्या खासगी अभिमत विद्यापीठात प्रवेश घेतला, तर ही सवलत नाही. आणि माफ होते ते शिक्षणशुल्क व परीक्षाशुल्क. बाकीचे शुल्क आणि जेवणखाण नाही.

दुसरी गोष्ट, अनुसूचित जातींच्या मुलामुलींना मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती आहे. तिच्यासाठी उत्पन्नाची मर्यादा अडीच लाख. तिच्यातला केंद्राचा साठ टक्के वाटा थेट विद्यार्थ्याच्या खात्यात येतो. तो आला म्हणून घरातल्या लग्नाला वापरू नका. त्यातली फी महाविद्यालयाची आहे आणि ती ठरलेल्या मुदतीत भरावी लागते. अनुसूचित जमाती आणि विमुक्त-भटक्या जमातींसाठी वेगळ्या योजना आहेत. वसतिगृहात जागा मिळाली नाही तर राहण्या-जेवणासाठी अनुसूचित जाती व नवबौद्धांना डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना, इतर मागास वर्गाला ज्ञानज्योती सावित्रीबाई फुले आधार योजना, आदिवासी मुलांना पंडित दीनदयाळ उपाध्याय स्वयं योजना, आणि अल्पभूधारक शेतकरी व नोंदणीकृत मजुरांच्या मुलांना डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता योजना आहे. प्रत्येकीच्या अटी वेगळ्या. गुणांची अट असते, उत्पन्नाची असते, गावापासूनच्या अंतराची असते. म्हणून योजनेचे नाव ऐकून थांबू नका, अटींचा कागद पुरता वाचा. मी सांगितले तरी आधी फी ठरली की मगच विचारा असे नको; मला तर वाटते, फीच्या आधी या राहण्याच्या योजनांची चौकशी करावी. मोठा खर्च कोणता, ते आताच आपण पाहिले.

तिसरी गोष्ट कागदांची. उत्पन्नाचा दाखला, अधिवासाचा दाखला, जातीचा दाखला, नॉन-क्रिमीलेअर आणि सर्वांत वेळखाऊ ते जात वैधता प्रमाणपत्र. हे सगळे प्रवेशाच्या महिन्यात गोळा करायला निघालात तर रोवणी झाल्यावर पऱ्हे टाकल्यासारखे होईल. मुलगी बारावीत असतानाच सुरुवात करा. बँकेचे खाते तिच्या नावाचे आणि आधारला जोडलेले असावे. महाडीबीटीवरचा अर्ज दरवर्षी नव्याने भरावा लागतो. दुसऱ्या वर्षी विसरली म्हणून सवलत गेलेली मुलगी मी पाहिली आहे.

चौथी गोष्ट सबुरीची. शिष्यवृत्ती मंजूर होणे आणि पैसे हाती येणे यांत महिने जातात. आमच्या मुलीचे एका वर्षीचे पैसे परीक्षा होऊन गेल्यावर आले. तोवर खोलीचे भाडे कोणी थांबवत नाही. म्हणून एका वर्षाचा राहण्या-जेवणाचा खर्च हाताशी असल्यावाचून शहरात मुलगी पाठवू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

कर्जाबद्दलही विचारतात. शिक्षणकर्ज वाईट नाही; साडेसात लाखांपर्यंत सहसा तारण लागत नाही. पण हप्ता पुढे सुरू होतो म्हणून व्याजही पुढेच सुरू होते असे नाही. चार लाखांवर दहा टक्के साधे व्याज धरा, वर्षाला चाळीस हजार झाले. शिक्षण संपून वर्ष झाले की हप्त्याची हाक येते. आणि नेमक्या त्याच दिवसांत नवी वकिलीण रिकाम्या हाताने कोर्टाच्या व्हरांड्यात उभी असते. इंजिनिअर मुलाला जे कर्ज झेपेल ते वकील मुलीला झेपेलच असे नाही, कारण पगार पहिल्या महिन्याला आणि वकिली पाचव्या वर्षाला, असा हा फरक आहे.

कोणत्या महाविद्यालयात घालावे? पदवीनंतर तीन वर्षांचा आणि बारावीनंतर पाच वर्षांचा, असे दोन मार्ग आहेत. तीन वर्षांच्या मार्गाला पदवीला खुल्या वर्गात पंचेचाळीस, इतर मागास वर्गाला बेचाळीस आणि अनुसूचित जाती-जमातींना चाळीस टक्के लागतात. दोन्हींसाठी राज्याची सामाईक प्रवेश परीक्षा आहे. नागपूरला डॉ. बाबासाहेब आंबेडकर विधी महाविद्यालय हे खुद्द विद्यापीठाचे आहे. नागपूरलाच २०१६ सालापासून महाराष्ट्र राष्ट्रीय विधी विद्यापीठही आहे. तेथून मोठ्या कंपन्यांत जाण्याची वाट अधिक मोकळी असते, हे खरे. पण त्याची परीक्षा वेगळी. नुसत्या अर्जालाच चार हजारांपर्यंत लागतात आणि वर्षाचा खर्च लाखांत मोजावा लागतो. राज्याच्या सामाईक प्रवेशाची सवलत तेथे धरून चालू नका. मुलगी तितकी हुशार असेल तर जरूर पाठवा. फक्त नाव मोठे म्हणून मोबदला ओतू नका. आपल्या लेकीला पवनी-भंडाऱ्याच्या न्यायालयातच उभे राहायचे असेल, तर तेथील न्यायाधीश महाविद्यालयाचे नाव विचारत नाहीत, कागद वाचून आलीस का एवढेच विचारतात.

आणखी एक सावधगिरी. आमच्या दारी एक गृहस्थ येऊन गेले. गोड बोलले. हजेरीची गरज नाही, घरी बसून पदवी, वर नोकरीची हमी, असे म्हणाले. मी त्यांना चहा दिला आणि विचारले, "हमी कागदावर लिहून देता का?" त्यांनी चहासुद्धा पुरता घेतला नाही! भगिनींनो, पत्राद्वारे घेतलेल्या कायद्याच्या पदवीवर वकिलीची सनद मिळत नाही. बार कौन्सिलने महाविद्यालयाला मान्यता दिली आहे की नाही, हे पाहिल्याशिवाय एक रुपयाही देऊ नका.

आता सनद आणि पुढची कमाई. या बाबतीत एक बातमी फार चांगली आहे. पूर्वी सनदेच्या नोंदणीला राज्याराज्यांत हजारो रुपये घेत. ३० जुलै २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, १९६१ च्या वकील कायद्यात जेवढे लिहिले आहे त्याहून अधिक नोंदणीशुल्क घेता येणार नाही: सर्वसाधारण उमेदवाराला साडेसातशे आणि अनुसूचित जाती-जमातींना एकशे पंचवीस रुपये. मुद्रांक वगैरे वेगळे. नोंदणीनंतर अखिल भारतीय बार परीक्षा उत्तीर्ण व्हावी लागते. ती दिली की वकिली पक्की.

पण दार उघडले म्हणून घरात ताट वाढलेले असते असे नाही. आमची मुलगी २०२५ साली पदवी घेऊन भंडाऱ्यात एका ज्येष्ठ वकिलांच्या हाताखाली लागली. पहिले सहा महिने काही मिळाले नाही. आता महिन्याला तीन हजार मिळतात. ते वकील माणूस म्हणून उत्तम आहेत, कामही मनापासून शिकवतात. या धंद्याची रीतच तशी आहे. बार कौन्सिल ऑफ इंडियाने ऑक्टोबर २०२४ मध्ये सुचवले की, कनिष्ठ वकिलांना शहरात वीस हजार आणि ग्रामीण भागात पंधरा हजार विद्यावेतन द्यावे. मात्र ती सूचना आहे, सक्ती नव्हे. म्हणून वहीत शून्य लिहावे. मिळाले तर देवाची कृपा समजावी.

न्यायाधीश होण्याचे स्वप्न पुष्कळ मुलींचे असते, आणि ते असावेच. दिवाणी न्यायाधीश कनिष्ठ स्तर या पदाचे मूळ वेतनच सत्त्याहत्तर हजार आठशे चाळीस रुपयांपासून सुरू होते. परंतु २० मे २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने, आपल्या अमरावतीचे सुपुत्र व त्या वेळचे सरन्यायाधीश भूषण गवई यांच्या खंडपीठाने, असा निर्णय दिला की, या परीक्षेला बसण्यापूर्वी तीन वर्षांची वकिली झालेली असावी. म्हणजे पदवी घेतली आणि लगेच परीक्षा दिली, हा हिशेब आता धरता येत नाही. ती मधली तीन वर्षे घराने पोसायची आहेत. जाहिरात निघेल तेव्हा तिच्यातल्या अटी नीट वाचाव्यात.

आणखीही वाटा आहेत. सरकारी अभियोक्त्याची परीक्षा आहे. बँकांत विधी अधिकारी घेतात. तेथे वय सहसा वीस ते तीस लागते, म्हणून तिशीत पदवी घेणाऱ्या भगिनीने ती वाट धरून चालू नये. वकिलीची सात वर्षे झाली की स्त्रियांना नोटरीसाठी अर्ज करता येतो. सर्वसाधारण पुरुषांना दहा लागतात. आणि एक नियम ध्यानात ठेवा. पूर्णवेळ पगाराची नोकरी करीत असताना वकिली करता येत नाही. दोन्ही दरडींवर पाय ठेवून नदी ओलांडता येत नाही.

आता थोडे नाजूक बोलते. मुलाच्या हिशेबात जे पान लागत नाही ते मुलीच्या हिशेबात लागते: लग्नाचे पान. वकिली म्हणजे ओळखीचे झाड. चार वर्षे पाणी घालावे तेव्हा पाचव्या वर्षी सावली. आपल्या राज्याची सनद गडचिरोलीपासून सिंधुदुर्गापर्यंत, एवढेच काय देशभर चालते; पण ओळखी सोबत नेता येत नाहीत. भंडाऱ्यात जम बसत असताना लेकीला दोनशे कोसांवर दिली तर तिला पुन्हा पहिल्या पायरीवर उभे राहावे लागेल. म्हणून शिकवायचे ठरवले तर स्थळ पाहताना हाही प्रश्न विचारा. "सूनबाई कोर्टात जाईल ना?" हे लग्नाआधी विचारायला लाजू नये. आमच्या जाऊबाई म्हणतात, "असे विचारले तर स्थळ हातचे जाते." मी म्हणते, जाऊ द्या! जे स्थळ या प्रश्नाने जाते ते राहिले असते तर शिक्षण गेले असते.

ज्या काळी ही वाटच नव्हती त्या काळी एक मुलगी हा हिशेब करून बसली होती. कॉर्नेलिया सोराबजी, जन्म नाशिकचा, १८६६ चा, शिक्षण पुण्याच्या डेक्कन कॉलेजचे. परीक्षेत ती वरच्या क्रमांकाने आली, पण इंग्लंडला जाण्याची सरकारी शिष्यवृत्ती तिला नाकारली गेली, कारण ती स्त्री! इंग्लंडातल्या हितचिंतकांनी पैसे जमवले तेव्हा ती ऑक्सफर्डला गेली आणि १८९२ साली कायद्याची परीक्षा उत्तीर्ण झाली. तरीही स्त्रियांना वकिलीची मोकळीक देणारा कायदा व्हायला १९२३ साल उजाडले. एकतीस वर्षे! आज आपल्या मुलीला फी माफ आहे आणि सनद साडेसातशेत आहे. अडचण उरली ती पोटापाण्याच्या मधल्या वर्षांची. ती मोठी आहे, पण एकतीस वर्षांएवढी मोठी नाही.

शेवटी, ज्यांना कायदा हवा आहे पण वकिली नको, त्यांच्यासाठी. प्रत्येक घरात वकील असण्याची गरज नाही. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याने स्त्रियांना, उत्पन्न कितीही असो, मोफत वकील मिळण्याचा हक्क दिला आहे. भंडाऱ्याला जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आहे. १५१०० या क्रमांकावर फोन करूनही विचारता येते. तेथे विधी स्वयंसेवकही घेतात. त्याला पदवी लागत नाही, थोडे प्रशिक्षण देतात. मानधन थोडके, पण सातबारा, वारस नोंद, पोटगी यांची माहिती होते. आपल्या मंडळातून दोघी-तिघी जरी पुढे आल्या तरी गावाचे निम्मे हेलपाटे वाचतील. अध्यक्षीणबाईंनी यंदाच्या कामात हे घ्यावे अशी माझी विनंती आहे.

आता वकिलीचेच ज्यांनी ठरवले आहे त्यांनी एका रात्री दिवा लावून, मुलीला जवळ बसवून पाच प्रश्नांची उत्तरे वहीत लिहावीत. तीन नव्हे, सहा वर्षांचा खर्च किती? शिष्यवृत्ती एक वर्ष उशिरा आली तर घर कसे चालेल? धाकट्या भावंडांचा वाटा बाजूला काढला का? हिला काळा कोट आवडतो की कागद वाचणे आवडते? आणि सहा वर्षांनी स्वतःचा खर्च तिच्याने निघाला नाही तर दुसरी वाट कोणती?

हा शेवटचा प्रश्न आमच्या वहीतही आहे. त्याखाली मुलीने स्वतःच्या अक्षरात लिहिले आहे: "तीन वर्षे वकिली करीन. खर्च निघाला नाही तर परीक्षा देऊन नोकरी धरीन, आणि त्यात मला कमीपणा वाटणार नाही." सनद घेऊन तिला अजून वर्ष व्हायचे आहे, पुढे काय होईल ते देवाला ठाऊक. महिन्याचे सव्वातीन हजार काढताना माझे शिवणयंत्र रात्री अकरापर्यंत चालते, आणि सासूबाईंचा तो प्रश्न अजून सुटलेला नाही. पण मागच्या महिन्यात आपल्याच शेजारच्या एका विधवा बाईची वारस नोंदीची फाईल मुलीने सुट्टीच्या दिवशी ओसरीवर बसून लावून दिली. सासूबाई शेजारी बसून ऐकत होत्या. बाई गेल्यावर म्हणाल्या, "पोट भरते का नाही ते पाहू, पण पोरीला कागद कळतो बाप्पा!"

 वही माझ्याकडे आहे. ज्यांना पाहायची असेल त्यांनी दुपारी तीननंतर यावे; त्या वेळी यंत्र थोडे थांबलेले असते.